संत्र्याशी संत्र्याची तुलना

वरूडचं नाव निघालं की ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ हे बिरूद मागोमाग येतंच. बिरूद देणाऱ्यानं झाडावरचं फळ पाहिलं. झाडाखालचं पाणी आणि फळामागची बाजारपेठ बघायची राहून गेली.

भलतीच तुलना करणाऱ्याला इंग्रजीत ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’ म्हणून गप्प बसवतात. या वाक्प्रचारात संत्रं उशिरा आलं. जॉन रे यानं १६७० मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात सफरचंदाचा जोडीदार होता कालव, म्हणजे समुद्रातला शिंपला. तीच जोडी जास्त चोख वाटते. सफरचंद आणि संत्रं दोन्ही निदान फळं तरी आहेत! या कामी आपल्या इंद्राच्या ऐरावताला आणि शामभटाच्या तट्टाणीला तोड नाही.

वरूडच्या बाबतीत तर संत्र्याशी संत्र्याचीच तुलना झाली आणि तीही जुळत नाही. १८७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला एलायझा टिबेट्स या बाईंनी ब्राझीलच्या बाहियातून आलेल्या वाणाची झाडं लावली. तेच पुढं ‘वॉशिंग्टन नेव्हल’ म्हणून गाजलं. ते बिनबियांचं, घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या कुळातलं. नागपुरी संत्र्याची साल सैल, नखानं सुटणारी, आत बिया, आणि रस काढून ठेवला तर थोड्या वेळात कडवटतो. इंग्रजीतला ‘ऑरेंज’ दोघांनाही पोटात घेतो. वरूडच्या बाजारात मात्र कुणी मोसंबी संत्रं म्हणून विकून दाखवावी!

हे संत्रं अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून नागपुरात आणलं, असं सांगतात. तिथून ते काटोल-नरखेडमार्गे सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड-मोर्शीच्या काळ्या जमिनीत पसरलं. वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट कलमांसाठी प्रसिद्ध झालं. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा आणि रोप बागायतदाराला विकायचं, हा तिथला धंदा.

बागेचं सगळं गणित पाण्यावर. बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा, आणि मग पाणी सोडायचं. हिवाळ्याच्या शेवटी फुटतो तो आंबिया, पावसाच्या तोंडावरचा मृग. कॅलिफोर्नियाच्या बागांना दूरदूरच्या नद्यांचं पाणी कालव्यांनी मिळालं. वरूडनं आधी विहिरी खोदल्या, नंतर बोअर, आणि बोअर खोलच जात राहिले. आता भूजलाच्या अतिउपशासाठी वरूड आणि मोर्शी तालुके ‘डार्क झोन’ म्हणून ओळखले जातात.

खरा फरक विक्रीत आहे. तिकडच्या बागायतदारांनी १८९३ मध्ये एकत्र येऊन विक्रीसंघ काढला. पुढं त्याचाच ‘सनकिस्ट’ झाला आणि फळावर त्याचा शिक्का बसला. इकडं नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळायला २०१४ उजाडलं, आणि बहुतेक बागा आजही उभ्याच व्यापाऱ्याला विकल्या जातात. इसार घेतला की भावाची सूत्रं दुसऱ्याच्या हातात.

त्या भावाचा धागा ढाक्यापर्यंत जातो. नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये असलेलं तिथलं आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेलं. तिकडं जाणारे ट्रक घटले आणि तो माल देशातल्याच मंड्यांत उतरू लागला.