असल्फ्याचं पोझितानो आणि वेसाव्याचा समुद्र: रंगाला तारीख कशी लावायची?

‘रिसर्चसाठी प्रश्न कसा शोधायचा?’ पेटची तयारी करणारे ज्युनिअर्स मला हे हमखास विचारतात. यावेळी उत्तर म्हणून एक सहल सांगते. एका दिवसाची, मेट्रोच्या तिकिटात बसणारी, इटलीतल्या रंगीत समुद्रकाठच्या गावाची. म्हणजे घाटकोपरची.

घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत बसा आणि जागृती नगर गेलं की खिडकीकडे लक्ष ठेवा. असल्फा स्टेशनच्या आसपास टेकडीवर एकावर एक चढलेली घरं दिसतात आणि त्यांच्या भिंतींवर पिवळा, गुलाबी, निळा, हिरवा रंग दिसतो. आता तो बराच विटलाय, पण ओळखू येतो. डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या संस्थेने शेकडो स्वयंसेवकांना घेऊन या भिंती रंगवल्या. रंगकाम दोन-तीन वीकेंडमध्ये उरकलं. त्यानंतर फोटो फिरले आणि बातम्यांमध्ये नाव पडलं: मुंबईचं पोझितानो.

पोझितानो हे इटलीच्या दक्षिणेला, अमाल्फी किनाऱ्यावरचं गाव. कड्यावर रचल्यासारखी रंगीत घरं आणि खाली समुद्र. असल्फ्याला घरं आहेत, उतार आहे, रंग आहे. समुद्र नाही. समुद्र याच मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे मच्छीमारांचं खरंखुरं जुनं गावही आहे. त्याला मात्र कुणी पोझितानो म्हणत नाही. मला यातच रिसर्चचा प्रश्न दिसतो. ‘किती सुंदर’ किंवा ‘किती वाईट’ यातून पुढे काही निघत नाही. त्याऐवजी विचारा: हा रंग कुणी लावला, कधी लावला आणि तो कुठून बघायचा आहे?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सहसा राहून जातो. मेट्रो वन सुरू झाली ८ जून २०१४ ला. घाटकोपर ते वर्सोवा साधारण साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, सगळा मार्ग उन्नत. त्याआधी खालच्या रस्त्यावरून, बसमधून किंवा रिक्षातून जाणाऱ्याला टेकडी अशी दिसत नव्हती. समोरच्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅफिक दिसायचं. पुलावरून गाडी धावायला लागली आणि टेकडीला अचानक एक ‘समोरची बाजू’ मिळाली, रोज हजारो डोळे जिच्याकडे बघतात अशी. रंग आला त्यानंतर साडेतीन वर्षांनी. याचा अर्थ मेट्रोमुळेच रंग आला असा लगेच काढू नका. क्रम म्हणजे कारण नव्हे, हे मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून आपण सगळे पास झालोय. पण आत गल्लीत शिरलात की बाहेरच्या दर्शनी भिंती आणि आतल्या भिंती यांत फरक दिसतो का, हे मोजता येतं. हा झाला पुरावा. वही काढा.

रंगाच्या खालचा थर जास्त जुना आहे. असल्फे हे साष्टीतलं मूळ गाव. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर उघडलंत तर कुर्ल्याच्या नोंदीत एक मजेशीर व्यवहार सापडतो. १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुर्ला आणि त्यासोबत मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे ही गावं होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याला दिली. बदल्यात कंपनीने मुंबईत अपोलो बंदराजवळची जमीन घेतली. फोर्टातल्या एका तुकड्यासाठी अख्खी गावं! यातली काही नावं आज तुम्हाला स्टेशन म्हणून ऐकू येतात. म्हणजे असल्फ्याची किंमत बाहेरच्या कुणीतरी, बाहेरच्या कशाच्या तरी तुलनेत ठरवली, असं २०१७ मध्ये पहिल्यांदा घडलं नाही.

१९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आला, आजूबाजूला कारखाने वाढले, आणि ज्यांना सपाटीवर जागा परवडली नाही ते उतारावर चढले. उतारावर राहण्याचा हिशोब पावसाळ्यात चुकवावा लागतो. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्याच डोंगरउतारावर दरड कोसळली आणि साठाहून अधिक माणसं गेली. २६ जुलै २००५ च्या पावसात साकीनाक्याला पुन्हा तेच झालं. असल्फ्याच्या पुढचंच स्टेशन. एखादी भिंत पिवळी की गुलाबी यापेक्षा तिच्यामागे माती कोणत्या कोनात उभी आहे, हा तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे. पावसाळ्यात जा, या टेकडीचा सगळ्यात ठळक रंग ताडपत्रीचा निळा असतो. तो कुठल्याच फोटो-फीचरमध्ये नसतो.

रंगकाम करणाऱ्यांना झोडपण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. आपली वस्ती टीव्हीवर चांगल्या कारणासाठी दिसली, याचं एखाद्या घराला कौतुक वाटलं असेल तर ते खोटं ठरवणारे आपण कोण? पण हा प्रयोग एकट्या असल्फ्याचा नाही. रिओच्या सांता मार्टा वस्तीत दोन डच कलाकारांच्या पुढाकाराने २०१० मध्ये घरं रंगली. इंडोनेशियातल्या मलांग शहरात जोदिपान ही नदीकाठची वस्ती २०१६ मध्ये रंगली, आणि ती कल्पना कॉलेजच्या विद्यार्थ्यांची होती. दोन खंडांतल्या तीन डोंगराळ किंवा उतारावरच्या गरीब वस्त्या, सात-आठ वर्षांत, सगळ्यांचा उपाय रंग. अशी साखळी दिसली की थांबायचं. इथून लिटरेचर रिव्ह्यू सुरू होतो.

आता मूळ इटलीकडे वळू. पोझितानोही कायम श्रीमंतांचं गाव नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली माणसं पोटासाठी मोठ्या संख्येने अमेरिकेला निघून गेली. १९५३ मध्ये जॉन स्टाइनबेकने ‘हार्पर्स बझार’ मासिकात या गावावर लेख लिहिला, आणि नंतर जगाची रीघ लागली. तिथेही गावाचं चित्र बाहेरून आलेल्या माणसाने पक्कं केलं.

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटाबद्दल तर तुम्ही नक्की वाचलं असेल की धुक्यात आपलं घर ओळखू यावं म्हणून मच्छीमारांनी घरं भडक रंगवली. ऐकायला गोड गोष्ट आहे. पण मी फिजिक्सवाली, मला ती खटकते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, म्हणून ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि दूरची वस्तू करडी होत जाते. धुक्यात आधी हरवतो तो रंगच. अगदी जवळ आल्यावर तो मदत करत असेलही. पण मग ‘किती जवळ?’ हा प्रश्न उरतोच. आज तिथे घराला रंग द्यायला नगरपालिकेची परवानगी लागते. म्हणजे कारण काहीही असो, रंग आता नियमात बांधलेला आहे.

ही गोष्ट डोक्यात ठेवून वर्सोव्याला उतरा. स्टेशनवरून समुद्र दिसत नाही, रिक्षा किंवा बस करून कोळीवाड्यात जा. तिथली माणसं गावाला वेसावे म्हणतात. वर्सोवा हा पोर्तुगीज-इंग्रज कागदांतून आलेला उच्चार. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली अशा अरुंद गल्ल्या खाडीकडे उतरतात. टाइल्स लावलेली नवी मजली घरं आणि मधूनच एखादं जुनं कौलारू घर दिसतं. खाडीकडे वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. वास येतो, नाकाला रुमाल लावू नका, कुणाच्या तरी घरचा पगार वाळतोय तो. पलीकडे मढ, तिथे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. १७३९ च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. जवळच १९६१ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. लाइफ सायन्सवाल्यांनी तिचा पीएचडी प्रवेश जरूर बघावा, आपल्याकडे फार कमी मुलं तिकडे अर्ज करतात.

इथे रंग घरांपेक्षा होड्यांवर शोधा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढून डागडुजी होते, रंग चढतो आणि नारळी पौर्णिमेला त्या सजून उभ्या राहतात. हा रंग लाकूड वाचवतो, म्हणून तो दरवर्षीच्या खर्चात धरलेला असतो. शिवाय २६/११ नंतर किनारी सुरक्षेसाठी केंद्राने मासेमारी होड्यांना राज्यानुसार रंगसंकेत ठरवून दिला, म्हणजे गस्तीवरच्या माणसाला दुरूनच कळावं की होडी कुठल्या राज्याची. बुरानोच्या गोष्टीतलं ‘दुरून ओळखू यावं’ हे कारण वेसाव्यात खरंच आहे आणि ते सरकारी कागदावर आहे. फक्त ओळखणारा बदललाय. तिथे मच्छीमार आपलं घर ओळखतो, इथे सरकार मच्छीमाराला ओळखतं.

सहलीला जाणार असाल तर दोन सूचना. एक, रंगाची तारीख भिंतीला विचारू नका, फोटोंना विचारा. उपग्रह-चित्रांचे जुने थर, बातम्यांतले फोटो, कुणाच्या लग्नाच्या अल्बममधली मागची भिंत. ‘या तारखेला रंग नव्हता’ आणि ‘या तारखेला होता’ असे दोन खुंटे मिळाले की मधलं अंतर कमी करत जायचं. खडकांचं वयही शेवटी पुराव्यावरच ठरतं, फरक इतकाच की जाताना अंधेरीला लागणारी गिल्बर्ट हिल सुमारे सहा कोटी वर्षांची आहे आणि आपला रंग काल-परवाचा.

दोन, असल्फ्याच्या पायऱ्या म्हणजे लोकांचं अंगण आहे. तिथे बाई भांडी घासत असते, पोरगं अभ्यासाला बसलेलं असतं. फोटोआधी विचारा. नाही म्हणाल्या तर ‘बरं मावशी’ म्हणून पुढे व्हा. पुढे मुलाखती घ्यायच्या असतील तर संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत तयार ठेवा, तेही वाचून दाखवता येईल इतकं छोटं. आणि पहिला प्रश्न रंगाचा नको. पाणी किती वाजता येतं, पावसात रात्री कुठे झोपता, हे आधी विचारा. रंगाचं ते स्वतःहून सांगतील.

सकाळी आधी असल्फा करा, ऊन चढायच्या आत. वेसाव्याला दुपार कलल्यावर पोहोचलात तर होड्या परतताना दिसायची शक्यता असते, आणि मढची फेरीबोट तिथूनच सुटते.