वर्ध्याच्या उन्हातला षड्ज

भारतातल्या सिंथेसायझरचा इतिहास बहुधा अहमदाबादेपासून सांगतात. १९६९ साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी त्यावर काम केले. त्या ध्वनिफिती कितीतरी वर्षे पडून होत्या. पॉल पर्गस यांच्या शोधामुळे २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. मग मुंबई : १९८२ साली चरणजितसिंग यांनी रोलँडच्या जपानी यंत्रांवर दहा राग वाजवले. दोन्हीकडे यंत्र परदेशातून आले आणि वाजवणारे इथले. यंत्राच्या पोटातल्या सुराचे इथल्या हवेत काय होत असेल, हा प्रश्न मला पडला तो वर्ध्यात, ऐन मे महिन्यात.

मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. ही किमया ट्रान्झिस्टरची. त्याच्या बेसवर सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट होतो, आणि प्रवाह दुप्पट म्हणजे कंपने दुप्पट. तेवढेच मंडल मी ब्रेडबोर्डवर जुळवत होतो. (पूर्वीचे हौशी रेडिओवाले खरोखरच पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून जोडणी करत, म्हणून हे नाव. शोध आपल्याकडे लागता तर त्याला पोळपाट म्हणाले असते.)

पहिले दोन दिवस आवाजच आला नाही. मंडल बरोबर होते. बोर्डाची वीजपट्टी मधोमध तुटक होती. काही बोर्डांवर ती तशीच असते आणि वरून दिसत नाही. मीटर लावून एकेक भोक तपासले तेव्हा कळले. पट्टीच्या दोन तुकड्यांना तारेने जोडले आणि षड्ज लागला.

आत्या शेजारच्या खोलीत रियाजाला बसली होती. अकराच्या सुमारास तिने हाक मारली, "अरे, तुझा सा चढतोय!" तंबोऱ्याशी उभा जन्म काढलेल्या कानाला फसवणे शक्य नव्हते. ट्रान्झिस्टरला बोट लावून पाहिले तर सूर आणखी वर पळाला. तापमान दहाएक अंशांनी वाढले की या प्रवाहाची जवळपास दुप्पट होते, म्हणजे अख्खे सप्तक हलते. उपाय ठाऊक होता : एकाच चिपवरचे जुळे ट्रान्झिस्टर घ्यायचे, म्हणजे एकाची चूक दुसरा खोडतो. सीए ३०४६ ही पाच ट्रान्झिस्टरांची चिप लावली. षड्ज बराच स्थिरावला.

आता सप्तक आखूड पडू लागले. ते १८ मिलिव्होल्टचे मापच तापमानाबरोबर वाढते, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. सकाळी २८ अंशांना जुळवलेले मंडल दुपारी ४५ अंशांना सप्तकामागे अर्ध्या स्वराहूनही अधिक कमी पडते. थंड प्रयोगशाळेत ही चूक दुर्लक्षिता येईल. वर्ध्याच्या मे महिन्यात तार षड्ज चक्क बेसूर लागतो. परदेशी मंडलांत यासाठी त्याच प्रमाणात बदलणारा खास रोधक घालतात. आमच्या बाजारात तो कुठला मिळायला!

पण तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. पंख्यांचे वाइंडिंग करणाऱ्या दुकानातून ०.१ मिलिमीटर जाडीची तार आणली. साधारण ३९ मीटर, म्हणजे ८५ ओहम. जोडीला १५ ओहमचा साधा रोधक. गुंडाळी चिपला चिकटवली. तर आता ५० हर्ट्झची घरघर! गुंडाळी भोवतालच्या विजेचा हुंकार टिपत होती. सगळी तार उलगडली, मधोमध दुमडून दुपदरी केली आणि पुन्हा गुंडाळली. त्यात एक रविवार गेला.

षड्ज न ढळण्याची ही निकड आपल्या संगीतात फार मोठी आहे. बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, तेव्हा त्यांच्यापुढे वेगवेगळ्या आवाजांची हौस नव्हती. तासन्तास हलणार नाही असा आधारस्वर हवा होता. मूगवर वाजवणाऱ्याला सूर घसरला तर मध्येच थांबून पुन्हा जुळवता येतो. गाणारा विलंबितात बुडालेला असताना मागचा तंबोरा कोण जुळवणार? आपल्याकडच्या या यंत्रविद्येचा इतिहास लिहायचा तर मी वादकांच्या नावांआधी थर्मामीटर हातात घेईन.

त्या मंगळवारी दुपारी तीनला आत्याने मधला षड्ज धरला, मग तार षड्ज. मी तो बोर्डावर वाजवला. ती थोडा वेळ ऐकत राहिली. "किंचित उतरलाय," म्हणाली, आणि स्वतःचा तंबोरा जुळवू लागली. जवारीचा दोरा सरकला होता.