सार्गिस सार्गस्यान : अंधारलेल्या येरेवानमधून न्यूपोर्टच्या हिरवळीवर

१९९७ चा जुलै महिना. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे चोवीस वर्षांच्या एका तरुणाने पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधील विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा ब्रेट स्टीव्हन तीन सेटमध्ये पराभूत झाला. विजेत्याच्या नावापुढे जो देश छापला गेला, त्याला स्वतंत्र होऊन सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. देश आर्मेनिया, खेळाडू सार्गिस सार्गस्यान. #थ्रेड

सार्गस्यानचा जन्म ३ जून १९७३ रोजी येरेवानमध्ये झाला. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघाचे एक गणराज्य होते. योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात शेजारच्या जॉर्जियाचा अलेक्स मेत्रेवेली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात उतरला. अनेक अव्वल खेळाडूंनी त्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता आणि चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोदेशने मेत्रेवेलीला हरवले, हे खरे. तरीही कॉकेशसच्या डोंगराळ प्रदेशात टेनिस अगदीच परके नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

सोव्हिएत राज्यव्यवस्थेचे या खेळाशी नाते मात्र विचित्र होते. राज्याला ऑलिंपिक पदके हवी होती आणि टेनिस १९२४ नंतर पदकांच्या यादीत नव्हतेच. वर हा धनिकांचा खेळ, हा शिक्का. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये टेनिस परतणार हे ठरल्यावर मॉस्कोची दृष्टी बदलली. खेळाडू परदेशी जाऊ लागले, जिंकू लागले. परंतु बक्षिसाची रक्कम बहुतांशी सरकारी क्रीडा यंत्रणेच्या तिजोरीत जात असे. १९८९ मध्ये बेलारूसच्या नताशा झ्वेरेवाने आपल्या कमाईवर उघडपणे हक्क सांगितला, तेव्हा ती मोठी बातमी ठरली.

सार्गस्यान त्या काळात पंधरा-सोळा वर्षांचा होता. राज्याच्या आश्रयाने घडणारा आणखी एक सोव्हिएत खेळाडू, असे त्याचे भवितव्य सहज झाले असते. पण ते राज्यच कोसळू लागले होते.

७ डिसेंबर १९८८ रोजी स्पिताकच्या भूकंपाने उत्तर आर्मेनिया उद्ध्वस्त केला. मृतांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात गेली. भूकंपाच्या धास्तीने १९८९ मध्ये मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प बंद करण्यात आला. नागोर्नो-काराबाखवरून अझरबैजानशी संघर्ष पेटला आणि त्या बाजूने येणारी रेल्वे व इंधनवायू थांबले. २१ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमताने स्वातंत्र्य आले. १९९३ मध्ये तुर्कस्ताननेही सीमा बंद केली.

त्यानंतरचे हिवाळे आर्मेनियात आजही ‘अंधाराची आणि थंडीची वर्षे’ म्हणून ओळखले जातात. दिवसातून मोजके तास वीज. शेकोटीसाठी लोकांनी उद्यानांतील झाडे तोडली, घरातील लाकडी सामानही जाळले. अशा शहरात टेनिस शिकणाऱ्याने चेंडू कोठून आणावेत, रॅकेटच्या तारा कोणाकडून बदलून घ्याव्यात आणि परदेशी स्पर्धेचे विमानभाडे कोणाकडे मागावे? कुस्ती, भारोत्तोलन, बुद्धिबळ यांची परंपरा आर्मेनियात भक्कम होती. तिग्रान पेत्रोस्यान १९६३ ते १९६९ बुद्धिबळाचा जगज्जेता होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये देशाला पहिले सुवर्णपदकही कुस्तीगीर आर्मेन नाझार्यानने मिळवून दिले. आखाड्याला खर्च कमी लागतो. टेनिसचा खेळाडू घडतो तो बाराही महिने स्पर्धांच्या मागे जगभर फिरून.

सार्गस्यानने निवडलेला मार्ग अमेरिकी विद्यापीठातून जात होता. तेथील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेत प्रशिक्षक, मैदान आणि स्पर्धांचा प्रवास या साऱ्याचा भार संस्था उचलते. खेळाडू शिकतो आणि संघासाठी खेळतो. जो आधार मॉस्कोची यंत्रणा देत असे, तोच आता ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. १९९५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला आणि त्याच वर्षी व्यावसायिक बनला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेत्सामोरची एक अणुभट्टी पुन्हा सुरू झाली आणि येरेवानचे दिवे हळूहळू परतू लागले.

१९९६ मध्ये आर्मेनियाने डेव्हिस चषकात पदार्पण केले. नव्या संघांना तेथे तळाच्या गटापासून सुरुवात करावी लागते. लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी सामना असला, की एक बलाढ्य खेळाडू एकेरी जिंकून दुहेरीतही उतरू शकतो. छोट्या देशांचे गणित अशाच एका माणसावर बेतलेले असते. आर्मेनियासाठी तो माणूस सार्गस्यान होता.

न्यूपोर्टचे विजेतेपद हे त्याचे एकेरीतील एकमेव एटीपी विजेतेपद ठरले. पण ती जागा साधी नव्हे. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा १८८१ मध्ये याच न्यूपोर्ट कॅसिनोच्या हिरवळीवर झाली होती. भारतीय वाचकाला तिची ओळख वेगळ्या कारणाने असेल : विजय अमृतराज येथे तीनदा जिंकला आणि सार्गस्यानच्या पाठोपाठ, १९९८ मध्ये, लिअँडर पेसने आपले एकमेव एकेरी एटीपी विजेतेपद येथेच मिळवले.

जानेवारी २००४ मध्ये तो जागतिक क्रमवारीत ३८ व्या स्थानी पोहोचला. हे त्याचे सर्वोच्च स्थान. मात्र त्याची खरी कसोटी त्याच वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत लागली. दुसऱ्या फेरीत समोर होता चिलीचा निकोलास मासू, ज्याने थोड्याच दिवसांपूर्वी अथेन्समध्ये एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली होती. सामना ५ तास ९ मिनिटे चालला. त्या स्पर्धेच्या इतिहासात तेव्हा याहून लांबलेला एकच सामना होता, तो १९९२ चा एडबर्ग-चँग उपांत्य सामना. सार्गस्यान पाचव्या सेटमध्ये जिंकला. तिसऱ्या फेरीत त्याने फ्रान्सच्या पॉल-आन्री मात्यूलाही नमवले.

चौथ्या फेरीत प्रतिस्पर्धी होता आंद्रे आगासी. आगासीचे वडील इराणमध्ये जन्मलेले, आर्मेनियन-असिरियन वंशाचे. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ते इराणतर्फे मुष्टियुद्ध खेळले होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मैदानावर एकाच वंशवृक्षाच्या दोन फांद्या समोरासमोर होत्या : एक लास व्हेगासमध्ये वाढलेली, दुसरी येरेवानमधून निघालेली. थकलेला सार्गस्यान सरळ सेटमध्ये हरला.

आर्मेनियन नावे टेनिसमध्ये दुर्मीळ नाहीत. २००२ चा विम्बल्डन उपविजेता दाविद नालबांदियान त्याच वंशाचा, पण खेळला अर्जेंटिनाकडून. कारेन खाचानोव्ह खेळतो रशियाकडून. विखुरलेल्या समाजाच्या कर्तृत्वाची नोंद बहुधा दुसऱ्याच्या वहीत होते. सार्गस्यान अमेरिकेत घडला, तरी त्याने ध्वज बदलला नाही. उलट दिशेचा प्रवास घडायला बराच काळ जावा लागला : २०२४ मध्ये रशियात जन्मलेल्या एलिना अवानेस्यानने आर्मेनियाकडून खेळण्यास सुरुवात केली.