तळटीप : ॲनोडची झीज आणि गंधक
ॲनोडच्या झिजेचा सगळा दोष लेखकाने पेट्रोलियम कोकमधल्या गंधकावर टाकला आहे. ते पटत नाही. हिशेबाने टनभर ॲल्युमिनियमला सुमारे ३३४ किलो कार्बन पुरावा, प्रत्यक्षात ४०० किलोच्या वर लागतो. या जादा जळण्यात व्हॅनेडियमचा हात मोठा : तापलेल्या ॲनोडच्या उघड्या माथ्याला हवा लागली की ते ज्वलन भडकवते. सोडियम कार्बन डायऑक्साइडशी होणारी क्रिया वाढवते. गंधक उलट तिला आवर घालते. गंधकाने प्रदूषण होत नाही का? होतेच, पण गंधक घालवायला कोक फार तापवला तर तो सच्छिद्र होतो. शिवाय सोडियम बरेचसे येते ते दळून पुन्हा वापरलेल्या ॲनोडच्या थोटकांतून. जिज्ञासूंनी नागपूरजवळ वाडीच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात चौकशी करावी. – संपा.