तुपाची शाई

गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना सुरू झाला तो १५५६ साली. मराठी पंचांग छापून मुंबईत विकायला आले ते १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चे. मधली पावणेतीनशे वर्षे आपल्याकडे यंत्र नव्हते म्हणून वाया गेली, असे सहज म्हटले जाते, पण ते खरे नाही. यंत्र अनेकदा दारापर्यंत आले होते. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण नागरी खिळे नव्हते. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आग्रह धरला आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत उतरला. आपले धर्मग्रंथ छापावेत ही भीमजीची इच्छा होती, पण आलेल्या माणसाला छापता येत होते, नागरी खिळे पाडता येत नव्हते. नाना फडणविसांच्या काळात तांबट कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरण्याचा उद्योग आरंभला आणि नानांच्या पश्चात १८०५ मध्ये मिरजेत ती छापून झाली. या तिन्ही प्रयत्नांमागे पैसा, सत्ता किंवा विद्वत्ता होती. तरी छपाई मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहारात शिरली नाही. ती शिरवली एका भंडारी कारागिराने. काहीतरी नवे घडवणे म्हणजे आकाशातून कल्पना सुचणे, या आपल्या लाडक्या समजुतीला गणपत कृष्णाजींची हकीकत चांगलाच छेद देते.

हे गृहस्थ मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करीत. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या पुस्तकात त्यांच्याबद्दल जे लिहिले आहे त्यावरून दिसते ते असे की छपाई पाहून त्यांना स्वतः छापावेसे वाटू लागले, आणि मग घरच्या घरी खटपट सुरू झाली. लाकडी यंत्र जुळवून पाहिले, दगडाचे तुकडे मिळवले, शाई स्वतः करून पाहिली. शिळाछाप ही त्या वेळची नवी युक्ती. बव्हेरियातल्या सेनेफेल्डरने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली होती. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर उतरवायचा, शिळा ओली करायची आणि वरून छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट अक्षरावर बसते. यात खिळे लागत नाहीत. इंग्रजीची दोनअडीच डझन अक्षरे ओतून भागते. नागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. हिल्स जिथे अडला ती नेमकी हीच जागा. शिळाछापेने ती अडचण सोडवली नाही, वळसा घालून ती मागे टाकली. शिवाय बोरूने वळणदार लिहिणारे लेखक आपल्याकडे होतेच. पोथ्यांच्या नकला करणारा हातच शिळेसाठी लिहू लागला, आणि छापलेली पोथीही जुन्या पोथीसारखीच आडवी, सुट्या पानांची निघाली. वाचणाऱ्याला नवे काही हाती धरल्यासारखे वाटू नये, इतकी ती ओळखीची होती.

छापायला काय घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. मिशनला शुभवर्तमान छापायचे होते, सरकारला शाळेची पुस्तके. गणपत कृष्णाजींनी पंचांग घेतले. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांची कोष्टके, घटी-पळांचे आकडे; हाताने नकलताना एक आकडा चुकला तर एकादशी हलायची. आणि पंचांग वर्षाअखेर निरुपयोगी होते. पुराण एकदा घेतले की पिढ्यान्‌पिढ्या पुरते, पंचांगाचे गिऱ्हाईक मात्र पुढच्या पाडव्याला पुन्हा दारात हजर. धंद्याची याहून पक्की जाण कोणत्या पंडिताला असती?

पण गिऱ्हाईक बिचकत होते. छापील कागदाला शिवावे की नाही, हा त्या काळी खरा प्रश्न होता. छापलेले पुस्तक हाती न धरणारे लोक मुंबईत होते, हे माडगांवकरच नोंदवतात. शंका शाईची होती: तिच्यात चरबी असणार. यावर व्याख्यान देता आले असते, रुसून बसता आले असते, किंवा सुधारलेल्या दोनचार घरांपुरते छापून समाधान मानता आले असते. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे मुद्रणाच्या इतिहासात परंपरेने सांगितले जाते. यंत्र परदेशी, शिळा परदेशी, पण ज्या एका पदार्थावर घोडे अडले होते तो स्वयंपाकघरातला. मला हा सगळ्या कथेचा मध्यबिंदू वाटतो. कारण इथे कारागिराने विरोधाकडे अडथळा म्हणून पाहिले नाही. विरोध हीच त्याला मिळालेली तांत्रिक सूचना होती. यंत्र कुठे सुधारायचे ते शास्त्रीबुवांच्या नाकमुरडीने दाखवून दिले.

यावर कोणी म्हणेल, ही तर नक्कलच. तंत्र जर्मनांचे, धडा अमेरिकनांचा, पंचांग परंपरेचे. मग याचे स्वतःचे काय? उत्तर असे की सुटे भाग सर्वांपुढे पडलेले होते. मिशनच्या छापखान्यात इतरही माणसे राबत होती. भाग एकत्र आणण्याची जागा ओळखणे हेच काम होते, आणि ते नुसत्या पाहण्याने होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पेशवाई संपली, मुंबई वाढली, शाळा निघाल्या, वाचणारे वाढले. परिस्थितीच अशी होती की हे कोणीतरी केलेच असते. हे बऱ्याच अंशी मान्य. परिस्थितीशिवाय काहीच घडत नाही. पण तीच परिस्थिती असताना मिशन आणि सरकार, दोघांकडे साधने असूनही, घराघरात पोचू शकले नव्हते. परिस्थिती दार उघडते. आत काय न्यायचे ते सांगत नाही.

तिसरा आक्षेप मात्र टाळता येत नाही. तुपाची शाई म्हणजे सोवळ्यापुढे घातलेले लोटांगण नव्हे काय? ज्या तंत्राने समाज हलायचा, त्याने मुहूर्त आणि राहुकाळच छापायचे? होय, सुरुवात तशीच झाली, आणि छापील पंचांगाने भाबडेपणाही स्वस्त केला. पण एक गोष्ट त्यासोबत बदलली. गावोगावच्या जोशांकडच्या नकला वेगवेगळ्या असताना चूक कोणाची हे धरता येत नव्हते. तेच आकडे हजारो घरांत एकदम पोचले, तसे ते ताडून पाहता येऊ लागले. १८६५ च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताचे पंचांग काढले, ते पटवर्धनी म्हणून ओळखले गेले, आणि पंचांगशुद्धीचा वाद पेटला. लोकमान्य टिळकांनी तो पुढे नेला. वाद घालायला आधी सर्वांसमोर एकच छापील पान असावे लागते.

धंदाही तिथे थांबला नाही. गणपत कृष्णाजी स्वतः पुढे खिळ्यांच्या छपाईकडे वळले; शिळाछापेची मर्यादा त्यांनाच आधी कळली असणार. त्यानंतरचा टप्पा जावजी दादाजींचा. जन्म १८३९ चा. अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात दोन रुपये महिन्यावर खिळे घासायला लागलेला हा मुलगा. त्यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. सोबतीला राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरणारे कसबी कारागीर. हिल्स जिथे अडला होता ती गाठ या जोडीने अक्षरशः घासून, कोरून सोडवली, आणि निर्णयसागरच्या नागरी वळणात छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर गेले. काव्यमालेसारखी मोठी ग्रंथमाला याच छापखान्याची. तरी निर्णयसागर हे नाव घरोघर माहीत झाले ते त्यांच्या पंचांगामुळे.

१९७३ मध्ये जयंत साळगांवकरांनी ‘कालनिर्णय’ काढले तेव्हा पंचांग पुस्तकातून निघून भिंतीवरच्या खिळ्याला लटकले. तिथी-नक्षत्रे साध्या मराठीत, मागच्या कोऱ्या बाजूला वाचायला मजकूर. छपाईत त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते पंचांग कोणाच्या नजरेसमोर, कुठे टांगायचे हे. पूर्वी ते जोशांच्या बासनात असे, आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. आणि तिथे लगेच त्याला आणखी एक उपयोग चिकटला. तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने दुधाचा खाडा लिहिला जाऊ लागला, गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहिले जाऊ लागले, मोलकरणीच्या सुट्ट्यांवर गोल पडू लागले.