अश्वत्थाम्याची जखम आणि चालणारी माणसे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्याहून दर दिवाळीत अस्तंब्याची यात्रा निघते. धनत्रयोदशीच्या सुमारास भाविक डोंगरवाटांनी अश्वत्थाम्याच्या स्थानाकडे पायी निघतात. कथा सर्वश्रुत आहे. मस्तकावरचा मणी गमावलेला चिरंजीव द्रोणपुत्र भळभळत्या जखमेसाठी तेल मागत या रानात आजही भटकतो. आयुष्य अपार, पण मस्तक जखमी!

दीर्घायुष्याबरोबर मस्तकही शाबूत राहील का, हा प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगशाळेत पोहोचला. आरंभीचे उत्तर निराशेचे होते. थोर स्पॅनिश मज्जाशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांचे मत असे की, प्रौढ मेंदूत जे मरते ते पुन्हा उगवत नाही. काहाल यांचा अधिकार एवढा मोठा होता की, १९६०च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशींच्या खुणा दाखवल्या, तरी त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तळोदा त्यात आले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस ती जुनी समजूतही डळमळली. स्वीडनमध्ये काही कर्करुग्णांना गाठीची वाढ तपासण्यासाठी एक रसायन टोचले जाई. नव्याने जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीवर त्याची खूण उमटे. अशा पाच रुग्णांच्या मृत्यूनंतर पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाने त्यांचे मेंदू तपासले. ५७ ते ७२ वर्षे वयाच्या त्या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या भागात, खूण उमटलेल्या नव्या मज्जापेशी आढळल्या. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या पाच जणांचे ऋण या शास्त्रावर कायमचे आहे.

पुढच्याच वर्षी दिसले की, चक्रावर धावणाऱ्या उंदरांमध्ये अशा पेशी अधिक टिकतात. मग माणसांना चालवून पाहणे क्रमप्राप्तच होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालले; उरलेल्यांनी ताणाचे हलके व्यायाम केले. वर्षअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, इतरांचा सुमारे १.४ टक्क्यांनी आक्रसला होता. मथळे गाजले. मात्र स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, ही बाब मथळ्यांत हरवली.

वाद तेव्हापासून धुमसतोच आहे. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढ मानवी मेंदूत नव्या पेशी जवळपास आढळल्याच नाहीत. दुसऱ्याला त्याच वर्षी वृद्धांतही आढळल्या. २०२२ मध्ये ५८५ ज्येष्ठांवरील चाचणीत सहा महिन्यांच्या व्यायामाने स्मृतीत लक्षणीय फरक पडला नाही. व्यायामाने हृदय आणि रक्तवाहिन्या सुधारतात आणि मेंदूचे पोषण त्यांच्यावरच अवलंबून आहे, हे मात्र या वादाबाहेरचे आहे.

अस्तंब्याची चढण वर्षातून एकदाच येते. त्या प्रयोगातली माणसे आठवड्यातून तीनदा चालत होती.