वारेतलं रक्त

आपल्याकडे बाळाची वार जमिनीत पुरायची रीत होती. बाळंतपणं इस्पितळात होऊ लागली, तशी ती कचऱ्यात जाऊ लागली. तिच्यात आणि नाळेत शंभरेक मिलिलिटर रक्त उरतं. एडवर्ड बॉइस यांनी १९८०च्या दशकात सुचवलं, हे रक्त गोठवून ठेवता येईल का पाहू.

गोठवणं सोपं नाही बरं का. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल घालून कोंबड्याचे शुक्राणू वाचवले. दहा वर्षांनी लव्हलॉक आणि बिशप यांनी डीएमएसओ वापरलं. (हेच ते पुढचे गाया सिद्धान्तवाले लव्हलॉक!) रक्ताच्या मूलपेशींना तेच मानवलं. डीएमएसओ घालून सावकाश थंड करायचं, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर.

इंडियानापोलिसला हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या शहरांतून कुरियरने रक्त यायचं. एक दिवस उशिरा पोचलेल्या रक्तातही मूलपेशी जिवंत सापडत. पण तांबड्या पेशी वेगळ्या करायला जावं, तर मूलपेशीही हातच्या जात. मग त्यांनी ठरवलं, गाळायचं नाही, निवडायचं नाही, आहे तसं गोठवायचं. आम्हाला या सगळ्या कथेत हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या एका पाच वर्षांच्या मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता. यात अस्थिमज्जा रक्त बनवणंच थांबवते. त्याच्या आईच्या पोटात दुसरं मूल होतं. आर्लीन आउअरबाख यांनी जन्माआधीच तपासून सांगितलं, या बाळाला आजार नाही. भावाशी ऊतीही जुळत होत्या. बहीण जन्मली, रक्त गोठलं. या आजारात नेहमीची जबर पूर्वतयारी रुग्ण सोसू शकत नाही. सौम्य पद्धत पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी बसवली होती. ऑक्टोबर १९८८मध्ये ब्रॉक्समायर स्वतः ते रक्त घेऊन तिथे गेले. मुलगा बरा झाला.

मग पैसा आला. बायोसाइट कंपनीने या पेशी गोठवण्यावरच पेटंट घेतलं. युरोपात ते १९९९ला रद्द झालं. न्यूयॉर्कला पाब्लो रुबिनस्टाइन यांनी मात्र कोणाही गरजूसाठी सार्वजनिक पेढी उभी केली.

आपल्याकडे खाजगी पेढ्या ‘बाळाचं रक्त बाळासाठीच’ म्हणून आईबापांकडून पैसे घेतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, असं स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. पॅरिसच्या त्या मुलाचंच पाहा ना. त्याच्या जन्मावेळी त्याचं स्वतःचं रक्त कोणी गोठवलं असतं, तर त्यातही तोच आजार असता.